उपाशीच्या लेकी

कासारसाईला एस.टी.तून उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. अकरापर्यंत ताराकडे, साडेबाराला निघायचं, दोनच्या आत हिंजवडी, असा बेत वहीत लिहून ठेवला होता. त्यातला पहिला अर्धा तास ताराचं घर शोधण्यातच गेला.

आधी यायची तेव्हा बरोबर हे असायचे. बहिणीच्या घरची वाट त्यांच्या पायांना पाठ होती, मी नुसती मागून चालायची. आता हे नाहीत. मी पिठाच्या गिरणीपाशी उभी राहून विचारलं, "लक्ष्मीबाई कुठं राहतात?" ताराचं सासरचं नाव लक्ष्मी.

गिरणीवाल्याने चक्की थांबवली नाही. "कंची लक्ष्मीबाई? हितं पाच हायेत."

मी आडनाव सांगितलं.

"निम्मं गाव त्याच आडनावाचं हाय, बाई."

तारा म्हणून विचारून पाहिलं. तारा कुणालाच माहीत नव्हती. मुलाचं नाव सांगितलं तर त्या नावाचे तिघं निघाले, आणि त्यातल्या कोणाची आई कोण यावर दळण घेऊन बसलेल्या दोघींचा वाद सुरू झाला. शेवटी तिसरी एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तिचं म्हायेर कुटलं ते सांग."

हेच मला नको होतं. "उपाशी," मी म्हणाले.

"मंग आदी सांगायचं की, उपाशीची म्हणून. ती काय, लिंबामागं घर. जा सरळ."

उपाशी हे आमच्या गावाचं नाव. पौडच्या पुढे, डोंगराला पाठ लावून बसलेलं, चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं गाव. नाव असं का पडलं याच्या चार कथा तिथे सांगतात. एकीत साधू आहे, एकीत घोडेस्वार. उरलेल्या दोन मी विसरले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आता पंचायतीने हे नाव बदलायचं पुन्हा मनावर घेतलं आहे. गावाबाहेरच्या माळावर बंगल्यांचे प्लॉट पडलेत, आणि उपाशीत बंगला बांधायला शहरातली माणसं कचरतात म्हणे. नाव बदलावं की नाही याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. पण मागच्या वेळी ज्यांना विचारलं नव्हतं त्यांना या वेळी विचारायचं, एवढं मी ठरवलं आहे. म्हणून गावच्या दिलेल्या लेकींची यादी केली आणि रविवारी रविवारी निघाले. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, या यादीला कागदोपत्री काही अर्थ नाही." ते मला ठाऊक आहे. मागच्या यादीला पूर्ण अर्थ होता, तरी तिचं काय झालं तेही मला ठाऊक आहे.

मी उपाशीत लग्न होऊन आले साठ सालच्या सुमाराला. पुण्यातली, मॅट्रिक झालेली. हे तिथल्याच शाळेवर मास्तर. फाट्यावर गाडी थांबली की कंडक्टर ओरडायचा, "उपाशी कोण आहे? उतरून घ्या." गाडीतले लोक हसायचे. उतरणारे आमचे लोकही त्यांच्याबरोबर हसायचे, ते मला सहन व्हायचं नाही. आपल्याला हसतात तेव्हा आपण हसू नये, इतकी साधी गोष्ट या माणसांना कशी कळत नाही, असं मनात म्हणत मी पिशव्या मोजून घ्यायची.

पहिल्या सकाळी विहिरीवर गेले ती मार्गशीर्षातली सकाळ होती. कठड्याचे दगड ओले, चिंच लावून घासलेल्या घागरींचा आंबूस वास, रहाटाची कुरकुर. आणि बायका एकमेकींशी बोलत होत्या ते असं: "ए माण, घागर सरकव." "पौड, तुजं पोर रडतंय बघ." "आज भूगाव का गं न्हाई आली?" "बाजूला बसलीय." मला वाटलं, या बायका गावांशी बोलतायत. मग एकीने माझ्या हातातला दोर ओढला आणि म्हणाली, "ए पुणं, सोड की. किती येळ धरून उबी ऱ्हातीस?"

तिथली रीतच ती. लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, की बारशाचं नाव संपलं. ते नवं नावही घरात कुणी तोंडात घ्यायचं नाही. मोठ्यांनी घ्यायचं तर ओशाळल्यासारखं होतं, नवऱ्याने घेतलं तर चारचौघांत हसं. मग राहता राहिलं माहेरचं गाव. त्या गावाने हाक मारायची. रोज सकाळी विहिरीवर अर्धा तालुका उभा असायचा, आणि त्यात मी पुणं, सगळ्यांत कमी पाणी शेंदणारी. मला दोन चांगली नावं होती, एक आईने ठेवलेलं आणि एक सासऱ्यांनी निवडलेलं. दोन्ही पेटीत ठेवलेल्या शालूसारखी पडून राहिली.

या रीतीला दुसरीही बाजू असणार, हे एखाद्या विचारी माणसाच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं. माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

गावाला नावांची हौसच फार. प्रत्येक खाचराला नाव, प्रत्येक चढाला नाव. एका खाचराचं नाव 'भांडण'. वरच्या वाटेवरच्या चढाचं नाव 'म्हातारीचा दम'. ओढ्याचं नाव 'रडकी', कारण तो उन्हाळ्यातही ठिबकत राहायचा. "दुपारची भाकरी भांडणात आण," असं सासरे सांगायचे तेव्हा मला पहिल्यांदा काही उमगेना. मी एकदा सुचवलं की कागदावर नंबर आहेतच, तेच वापरावेत, म्हणजे चूक होणार नाही. सासरे तंबाखू मळत होते. म्हणाले, "नंबराला भात येत न्हाई, पोरी." वाद घालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

भात मात्र यायचा. आंबेमोहोर. कुठल्याही चुलीवर शिजायला लागला की चार घरं पलीकडे कळायचं. संध्याकाळी मी अंगणात वाळवण गोळा करत असायची, आणि वाफेचा तो गोड, मोहोरासारखा वास आला की माझेही हात थांबायचे. चैत्राच्या तोंडाला भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे, त्याला राब म्हणतात. शेण, पाला, गवत यांचा तो दाट निळसर धूर खाचरांवर पडून राहायचा, आणि माझ्या पदराला त्याचा वास आठवडाभर. माहेरी गेले की आई पदर हुंगून म्हणायची, "गावाहून आलीस." मी लगेच लुगडं बदलायची. आज त्या वासासाठी मी कुठवर जाईन ते सांगत नाही, कारण आता तिकडे राब फारसे भाजत नाहीत आणि उगाच कुणीतरी मला न्यायला निघेल.

तारा माझी धाकटी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ओठ मिटून हसायची, त्यामुळे हसली की नाही ते डोळ्यांकडे बघून ठरवावं लागायचं. घरात मला 'वैनी' म्हणणारी ती एकटी. मी पुण्याची आहे याचं तिला कौतुकही नव्हतं आणि हसूही नव्हतं. आम्ही दोघी दुपारी पडवीत बसून गोधड्या शिवायचो. मी टाके सरळ घालायची, ती वाकडे आणि भराभर. तिची गोधडी आधी पुरी व्हायची आणि जास्त उबदार असायची.

तिचं पहिलं स्थळ आलं आणि गावाचं नाव ऐकून गेलं. ती माणसं मावळातली होती. जाताना फाट्यावर एकाने विचारलं म्हणे, "हितली पोरगी जेवती का तशीच ऱ्हाती?" दुसरं स्थळ भूगावचं. मुलगा पुण्यात नोकरीला, सायकलवरून जाऊन येऊन. घरची भातशेती, माणसं नीटनेटकी. ती बघायला आली. गुळाचा चहा झाला. मुलगा कपात बघत राहिला. त्याच्या चुलत्याने पाय पसरून घेतले आणि म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पण पत्रिकेवर छापायचं काय? उपाशी मुक्कामी जेवायला या? कोण येईल?"

सगळे हसले. सासरेही हसले. तारा रिकामं ताट घेऊन दाराआड उभी होती. तिचा एक कान मला दिसत होता, तो लाल झाला होता.

चुलता पुढे म्हणाला ते हसत म्हणाला, पण खरं म्हणाला: "नाव बदलून घ्या गावाचं. आजकाल अर्ज केला की होतं. ते झालं की सुपारी फोडू."

त्याच संध्याकाळी मी वही काढली. दुसऱ्या आठवड्यात पौडला कचेरीत जाऊन आले. कारकुनाने नीट सांगितलं: गावसभा, ठराव, कुटुंबप्रमुखांच्या सह्या किंवा अंगठे. मला अशी कामं आवडतात. पायऱ्या ठरलेल्या असतात, एकेक चढायची. आल्या आल्या मी कुटुंबप्रमुखांची यादी केली आणि शाईचं पॅड घेऊन दारोदार फिरले.

पुरुषांना काहीच अडचण नव्हती.

"काय ठिवायचं नाव?"

"आनंदवाडी."

"चालतंय. ह्या आंगठ्याला शाई लावायची का त्या?"

एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "बदलून काय व्हनार?"

"ताराचं लग्न."

"मंग आना हिकडं." त्याने अंगठा इतक्या जोरात दाबला की कागद फाटला, मी दुसरा केला. सरपंच तात्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव गावाला द्यावं म्हणून दोन दिवस घेतले. मी त्यांना सांगितलं की मग प्रत्येकाचे वडील निघतील. ते पटलं. दहा दिवसांत यादी पुरी झाली.

विहिरीवर मात्र हवा बदलली. बोलणं माझ्यापाशी येऊन थांबायचं. माझी घागर रांगेत शेवटी जायची. "पुणं, तुला चांगलं दिसत न्हाई हे," माण एकदा म्हणाली. काय चांगलं दिसत नाही ते सांगेना. मी ते मनावर घेतलं नाही. एका पोरीचं भलं होतंय ते यांना बघवत नाही, अशी मी समजूत करून घेतली. रात्री जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं, "बायकांशी बोललीस का?"

"बायका कुटुंबप्रमुख नाहीत."

"बरं," हे म्हणाले. ते 'बरं' म्हणायचे आणि समोरच्याला खड्ड्यात जाऊ द्यायचे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

ताराला मी काही विचारलं नाही असं नाही. यादी पुरी झाली तेव्हा तिला दाखवली. तिने सगळे अंगठे नीट बघितले आणि म्हणाली, "ह्यो तुकामामाचा न्हवं? कापलेला." मग गोधडी घेऊन बसली.

सभा कधी घ्यायची हा प्रश्न होता. गावचे निम्मे पुरुष मुंबईला, पुण्याला नोकऱ्यांना. सगळे एकदम कधी सापडणार? चैत्रातल्या यात्रेला. भैरवनाथाच्या यात्रेला बाहेरगावचा गडी घरी आला नाही असं होत नाही. मी सभा यात्रेच्या दिवशी दुपारी ठेवली, पालखी झाल्यावर, जेवणाआधी. पौडच्या पेंटरकडून पाटीही करून आणली. पांढऱ्यावर निळं: आनंदवाडी. सगळे पुरुष त्या दिवशी गावात असतात हे माझ्या हिशेबात होतं. त्या दिवशी आणखी कोण कोण येतं हे नव्हतं.

पहाटेपासून लेकी यायला लागल्या. डोंगरावरून पायी, बैलगाडीतून, फाट्यावरून मुलं कडेवर घेऊन. वेशीत एक पोक्त बाई घागर घेऊन बसलेली असायची. येईल तिच्या पायांवर पाणी ओतायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि मागे वळून घरांच्या दिशेने ओरडायची: "आली, हिंजवडी आली." "माण आली गं, दोन पोरं घेऊन." "कासारसाईची आलीय, पाय सुजल्यात तिचे." म्हणजे माहेरी आलेल्या लेकीला सासरच्या गावाने हाक. हे ऐकूनसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. धुळीत पाणी पडल्याचा वास, नव्या बांगड्यांचा आवाज, पिपाण्या, नारळ फुटत होते, आणि मी गर्दीतून सतरंजी शोधत फिरत होते, कारण सभेला सतरंजी लागते.

सभा देवळापुढे बसली. पुरुष पुढे, पोरं झाडावर. तात्यांनी ठराव वाचला. त्यांचं वाचन संथ होतं, प्रत्येक शब्दाला ते जरा थांबून नमस्कार केल्यासारखं करायचे. ते 'आनंदवाडी'पर्यंत पोचले आणि देवळाच्या बाजूने नैवेद्याची ताटं घेऊन लेकी आल्या. पुढे बायजाआत्या. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, चाळीस वर्षांपूर्वी हिंजवडीला दिलेली, मिश्रीने काळे पडलेले चार दात. मागे वीस-पंचवीस जणी. ताराही त्यांच्यात, तिच्या हातातही ताट.

"काय चाललंय रं तात्या?"

"काय न्हाई आत्या. नाव बदलायचं चाललंय."

"कुनाचं?"

"गावाचं."

"का? गावानं काय केलं?"

पुरुष हसले. आत्याने ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि सतरंजीच्या मधोमध बसली. मागच्या सगळ्या बसल्या. आता यांना उठवायला तास जाणार हे मला दिसलं. मी पुढे झाले.

"आत्या, हा गावसभेचा विषय आहे. तुमचं नाव इथल्या यादीत नाही, हिंजवडीच्या यादीत आहे."

"हिंजवडीच्या यादीत काय लिवलंय ते मला म्हाईत न्हाई," आत्या म्हणाली. "पर हिंजवडीला मला काय म्हनत्यात ते सांगते. उपाशी म्हनत्यात. उपाशी, चूल पेटव. उपाशी, बैल सोड. चाळीस वर्सं झाली. सासू मरताना म्हनाली, उपाशी, पानी दे. मी दिलं. आन तू पुण्यातनं आलीस काल, तू म्हंतीस माजं नाव यादीत न्हाई."

कुणी हसलं नाही. दुसरी एक बाई, मला अनोळखी, शांतपणे म्हणाली, "माजं बारशाचं नाव आयलाच म्हाईत व्हतं. आय गेली. आता हेच हाय."

"आनंदवाडी म्हणून हाक मारली तर मी वळायचीबी न्हाई," तिसरी म्हणाली. "मला वाटंल, नवी सून आली कुनाची."

"अगं पण तुम्हाला सासरी कोण कशाला नवी हाक मारेल?" मी म्हणाले. "पाटी इथं बदलतेय."

"आन हितं आलो की कुटं आलो?" आत्याने विचारलं.

मी ताराचं स्थळ सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रिका, चुलता, सुपारी. गयावया केली म्हणा. एका पोरीचं आयुष्य आहे म्हणाले. आत्याने ऐकून घेतलं. मग वळली आणि म्हणाली, "तारे, तुज्यासाठी चाललंय न्हवं हे? तूच सांग. तू म्हनशील तसं. आमी उटतो."

तारा उभीच होती. ताटातल्या नैवेद्यावर माश्या बसू नयेत म्हणून एक हात वर धरून होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, झाडावरच्या पोरांनीसुद्धा. "ऱ्हाऊ द्या नाव," ती म्हणाली, आणि ताट घेऊन देवळात गेली.

पुढचं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणाला खरं वाटत नाही. पुरुषांची रांग लागली, अंगठे परत मागायला. "बाई, माजा काडून द्या." एकाने थुंकी लावून स्वतःचा अंगठा पुसायला घेतला, तर शेजारच्याचाही पुसला गेला. त्यावरून दोघांची जुंपली, कारण शेजारच्याचं म्हणणं, माजं अजून ठरायचंय. तुकामामा आपला कापलेला अंगठा शोधत शेवटपर्यंत बसून राहिले. दहा दिवसांच्या कामाचं अर्ध्या तासात मातेरं झालं. पाटी सरपंचांच्या गोठ्यात गेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाली. दोन-तीन वर्षं मी त्या घरावरून जाताना आनंदवाडीच्या मागून कोंबड्या ओरडायच्या.

भूगावचे लोक "कळवतो" म्हणाले. त्यांनी कळवलं नाही.

मी ताराशी महिनाभर कामापुरतं बोलले. गोधडी एकटी शिवली. तिने एकदा माझ्यापुढे दोरा-सुई आणून ठेवली आणि निघून गेली. पुढच्या माघात तिला कासारसाईला दिली. माणसं बरी होती. गावाचं नाव ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पान्याची सोय हाय का वऱ्हाडाला?" तबकात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलाने अंगठीने 'लक्ष्मी' लिहिलं. हळदकुंकवाचा, ओल्या अक्षतांचा, तुपाचा वास मांडवात भरला होता. तिला पोचवायला गेले तेव्हा मी तिथे रात्र राहिले. सकाळी परसात तिची सासू बाहेर आली, जांभई दिली आणि म्हणाली, "उपाशी, उटलीस का?" तारा म्हणाली, "व्हय." जणू जन्मापासून तीच हाक होती.

लिंबामागचं घर सापडलं. तारा दारातच होती, तांदूळ निवडत. अंगाने सुटलीय, केस पांढरे. मला बघून ओठ मिटून हसली. सून चहा घेऊन आली, तिला तारा "स्वाती" म्हणाली. मुलगा आला, तोही "स्वाती" म्हणाला, नातू तर आईला नावानेच हाक मारतो. मी वही काढली आणि कामाचं बोलले. पंचायत काय करतेय, प्लॉट, ठराव, आणि माझी यादी.

"बदला की," तारा म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे? तेव्हा तूच राहू द्या म्हणालीस."

"तवा त्या सगळ्या बसल्या व्हत्या समूर. आता त्यातलं कोन ऱ्हायलंय? आत्या गेली. मला उपाशी म्हननाऱ्या हितं दोघी उरल्यात, त्यातली एक भैरी झालीय. सुनांना नावानं हाका मारत्यात आता. बरं हाय ते. नावाला कोन इचारतंय?"

"गिरणीवर मला तुझं घर त्या नावानेच सापडलं."

"मंग पुढल्या येळेला घर म्हाईत झालं की तुमाला."

अशा माणसांशी काय बोलावं? तेव्हा हवं होतं तर नको म्हणाली, आता विचारायला आले तर बदला म्हणते. मी म्हणाले, "तारा, मला एक काहीतरी सांग. हो की नाही. मला पुढे हिंजवडीला जायचंय."

"आना, सही करते. तुमी एवढ्या लांबनं आलात." तिने पेन घेतलं, जिभेचं टोक दातात धरलं आणि सावकाश लिहिलं: तारा.

"ही सही चालायची नाही," मी म्हणाले. "तुझं नाव सगळीकडे लक्ष्मी आहे."

"मला हीच येती. शाळेत शिकलेली. लगीन झाल्यावं कुनी शिकवली न्हाई, आंगठा मारते."

मी ती सही तशीच ठेवली. कोणत्या बाजूची धरायची, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली. उन्हं चढली होती. शेतात भात नाही, ऊस. ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली. तिने पदर तोंडाला लावला आणि मग त्याच पदराआडून म्हणाली, "भूगावचा त्यो. त्याचं काय झालं, म्हाईत हाय का तुमाला?"

"कोण?"

"चहा पीत व्हता त्यो."

मला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला नंतर कधी पाहिलंही नव्हतं.

"मला आवडला व्हता," तारा म्हणाली. "सगळे हसले तवा त्यो हसला न्हाई. कपात बघत व्हता. मी दाराआडनं बघितलं."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. "तारा. मग तू राहू द्या का म्हणालीस?"

"समूर आत्या बसलेली. येवड्या जणींचं काडून घेऊन मी कुटं जाऊन सुकानं ऱ्हानार व्हते? आन त्या चुलत्यानं मला काय नाव ठिवायचं तेबी सांगून ठिवलं व्हतं, पसंती व्हायच्या आदी. म्हनलं, आज गाव, उद्या मी, परवा आनी काय. पर पोरगा चांगला व्हता."

"हे मला तेव्हा सांगायचंस. आपण त्याच्याशी बोललो असतो. ह्यांना भूगावला पाठवलं असतं, चुलत्याला बाजूला ठेवून त्याला एकट्याला विचारलं असतं. नाव न बदलताही जमलं असतं. काहीतरी वाट काढली असती मी."

एस.टी. वळणावर दिसली. ताराने हात वर केला, गाडी थांबवली, माझी पिशवी माझ्या खांद्यावर नीट अडकवली.

"कवा सांगनार, वैनी?" ती म्हणाली. "तुमी यादी करत व्हता."